कष्टाचे चीज

‘‘चोरीसाक पयशे जाय,’’ ती म्हणाली.

साल १९८७, महिना एप्रिल. गोव्यात म्हापशाच्या शाखेत कर्जविभागाचा अधिकारी म्हणून रुजू होऊन मला जेमतेम पाच महिने झाले होते. मी पुण्याच्या पेठेत वाढलेला. ‘माल चोरीस गेला’ हा शब्दप्रयोग मला पोलिसांच्या पंचनाम्यातून आणि विम्याच्या दाव्यांतून पाठ झालेला. समोर फुलाफुलांचा झगा घातलेली, साठीच्या आसपासची बाई शांतपणे बसलेली, आणि ती बँकेकडे चोरीसाठी पैसे मागते आहे! माझा चेहरा पाहून पलीकडचा कॅशियर नोटा मोजायचा थांबला आणि खो खो हसला. ‘‘साहेब, चोरीस म्हणजे सॉसेज. डुकराच्या मांसाचं.’’

हा खुलासा ऐकून माझी अवस्था सुधारली असे म्हणवत नाही. आमच्या घरात तोवर अंडेसुद्धा आलेले नव्हते.

हे सगळे आठवायचे कारण असे की, आमच्या सोसायटीत ३१ डिसेंबरला गच्चीवर जमण्याची प्रथा आहे. प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा. निवृत्त झाल्यापासून माझ्या वाट्याला एकच पदार्थ ठरलेला आहे : पोकळ केलेल्या पावात चोरीस भरून, वर चीज घालून, भट्टीत भाजलेला, हातात धरवणार नाही इतका गरम. ताट गच्चीवर पोचल्यापासून दहा मिनिटांत रिकामे होते. मग दर वर्षी कोणीतरी विचारते, ‘‘काका, कृती द्या ना!’’ कृती देतो. लपवण्यासारखे तिच्यात काही नाही. पण तिच्यामागे एक हिशेब आहे आणि तो मी आजवर कोणाला दिलेला नाही. आज दोन्ही देतो.

चोरीस हा शब्द पोर्तुगीज. गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला १५१० मध्ये आणि सुटला १९६१ मध्ये. या साडेचारशे वर्षांत त्यांचे कितीतरी शब्द आपल्या घरात येऊन राहिले. पाव त्यांचा, बटाटा त्यांचा, चावी त्यांची. बँकवाल्याला जिव्हाळ्याचा वाटणारा ‘पगार’सुद्धा त्यांचाच. चोरीस तेवढे घाट चढून वर आले नाही. पोर्तुगालमध्ये ते वाइन आणि लसूण घालून करतात. गोव्यात वाइनची जागा माडाच्या सुरेपासून केलेल्या व्हिनेगरने घेतली आणि अमेरिका खंडातून पोर्तुगिजांनीच आणलेल्या मिरचीने बाकीचा कारभार हातात घेतला.

ती बाई (सगळे तिला आंटी म्हणत, मीही तेच म्हणतो) म्हापशापासून कोसभरावरच्या एका वाड्यावर राहत होती. नवरा तारवटी, म्हणजे बोटीवरचा खलाशी. तो वारून काही वर्षे झाली होती. दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बसून ती चोरीसाच्या माळा विकत असे. या माळा जपमाळेसारख्या दिसतात : आतड्याच्या नळीत मांस भरून बोटाच्या पेरापेरावर दोऱ्याने बांधत गेले की लालभडक मणी तयार होतात.

तिचा धंदा समजून घ्यायला मला एक दुपार लागली. गोव्यात पावसाळ्याआधी घरोघर बेगमी करतात. तिला ‘पुरुमेंत’ म्हणतात. हाही शब्द पोर्तुगीज. सुकी मासळी, मीठ, मिरच्या, कांदे, कोकम आणि ख्रिस्ती घरांत चोरीस. जून लागला की समुद्र खवळतो, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि ताटातला ताजा मासा जातो. मग चोरीसाला मान येतो. त्याचा एक मणी फोडून भाजीत टाकला तरी घरभर भूक लागते. म्हणजे माल करायचा एप्रिल-मे महिन्यांत, कडक उन्हात; आणि विकायचा जुलै-ऑगस्टमध्ये, चढ्या भावाने. मधले तीन महिने पैसा मालात अडकून पडणार. त्यासाठीच तिला कर्ज हवे होते. बँकेच्या भाषेत याला खेळते भांडवल म्हणतात. इतका स्वच्छ अर्ज त्या वर्षी माझ्या टेबलावर दुसरा आला नव्हता.

शंभर किलो माल, किलोला चाळीस रुपये खर्च, एकूण चार हजार. पंचवीस टक्के म्हणजे एक हजार तिचे, तीन हजार बँकेचे. कागद झाले. तिने सही केली ती पोर्तुगीज शाळेतल्या वळणाची, सुरेख.

माल तयार होताना मी पाहिला. मांस यंत्रात दळत नाहीत. सुरीने बोराएवढे तुकडे करतात. मीठ चोळून रात्रभर वजनाखाली दाबतात, म्हणजे पाणी सुटते. मग मिरची, लसूण, आले, मिरी, जिरे, हळद, दालचिनी, लवंग असे सगळे व्हिनेगरमध्ये वाटून त्यात ते मुरवतात. उन्ह दाखवतात. नळ्यांत भरतात, बांधतात आणि परत उन्हात, नंतर चुलीवर धुरात टांगतात. यातल्या बऱ्याच पायऱ्या एकाच कामासाठी आहेत : पाणी घालवण्यासाठी. मीठ पाणी ओढून घेते, ऊन ते उडवते, व्हिनेगर आणि धूर उरलेली राखण करतात. पाणी गेले की कुजवणाऱ्या जंतूंना जगायला जागा राहत नाही. फ्रीज नसलेल्या काळात माणसाने शोधलेली ही मुदत ठेव आहे, असे तेव्हा मनात आले आणि स्वतःच्या विनोदावर मी खूश झालो.

एप्रिलअखेर माळा भरून झाल्यावर मी वजन केले. शंभर किलो. नोंद केली.

मेच्या मध्यावर नियमाप्रमाणे तपासणीला गेलो. वजन केले. पासष्ट किलो.

पुन्हा केले. पासष्टच.

‘‘आंटी, पस्तीस किलो माल गेला कुठे?’’

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी गंमत करतो आहे असे तिला वाटले असावे. मग म्हणाली, ‘‘उदक गेल्याबगर चोरीस जायना, बाब.’’ पाणी गेल्याशिवाय चोरीस होत नाही, बाबा.

मला हे कळले नाही असे मी म्हणू शकत नाही. कळले होते. प्रत्येक पायरी मी डोळ्यांनी पाहिली होती. पण छापील फॉर्मवर रकाने होते : वजन, दर, किंमत. पासष्ट गुणिले चाळीस, दोन हजार सहाशे. त्यातून पंचवीस टक्के वजा, एक हजार नऊशे पन्नास. कर्ज तीन हजार. म्हणजे एक हजार पन्नास रुपयांचे कर्ज मालाच्या आधाराशिवाय उघडे. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिले : ‘मालात ३५ किलोची तूट.’

तूट. या एका शब्दावर मी पुढची सदतीस-अडतीस वर्षे विचार करीत आलो आहे. व्यापारात दोन शब्द असतात. माल नाहीसा होतो ती तूट. माल सुकून वजन उतरते ती घट. पुणे जिल्ह्यात असताना खव्याच्या भट्टीवाल्यांना कर्ज देताना आम्ही दुधाची घट धरत होतो. म्हापशातच खोबऱ्याच्या व्यापाऱ्यांच्या मालातही घट धरत होतो. चोरिसासाठी तसे परिपत्रक नव्हते, एवढेच. दोन अक्षरांचा शब्द बदलला असता तर काम भागले असते. पण मी एकोणतीस वर्षांचा होतो, बढतीची मुलाखत तोंडावर होती आणि रकान्यात बसेल ते लिहिण्यात धोका नव्हता. शिवाय, खरे सांगायचे तर, त्या मालाविषयी मनात एक शिसारी होती. त्या माळांत पुन्हा हात घालून कष्टाने समजून घ्यावे, असे वाटले नाही. खोबरे असते तर वाटले असते.

‘तूट’ म्हटले की माल परस्पर विकल्याचा संशय येतो, आणि संशय आला की सगळेच कर्ज परत मागवतात. वरिष्ठांनी तेच केले. माझा अहवाल वाचून दुसरा कोणीही तेच केले असते. तिला पंधरा दिवसांची मुदत मिळाली.

ते दिवस गोव्यात धामधुमीचे होते. फेब्रुवारीत राजभाषा कायदा झाला होता, ३० मे रोजी गोवा स्वतंत्र राज्य झाले. म्हापशात फटाके वाजले. सोमवारी, १ जूनला, बँक उघडता उघडता आंटी आली. तीन हजार आणि वर चाळीस रुपये व्याज, मोजून दिले. पावती घेतली. ‘‘देव बरें करूं’’ म्हणाली आणि गेली. गोव्यात आभार मानताना असेच म्हणतात. पण त्या दिवशी मला ते ऐकवेना.

पैसे कुठून आणले, ते कॅशियरने सांगितले. सगळा पासष्ट किलो माल तिने एका व्यापाऱ्याला पन्नास रुपये किलोने एकरकमी दिला होता. तीन हजार दोनशे पन्नास. बँकेचे देऊन उरले दोनशे दहा. तिने स्वतःचे हजार घातले होते. म्हणजे दोन महिने मिठात, मिरचीत हात घालून तिने सातशे नव्वद रुपये गमावले होते. ऑगस्टमध्ये तोच माल, त्याच बाजारात, जवळजवळ दुप्पट भावाने विकला जाताना मी पाहिला. दुकान त्या व्यापाऱ्याचे होते.

डिसेंबरात ती पुन्हा बँकेत आली. हातात कुसवाराचे ताट : नेवऱ्या, दोदोल, बेबिंका. गोव्यात नाताळचा फराळ ख्रिस्ती घरांतून शेजारीपाजारी सगळ्यांकडे जातो; त्यात हिंदू-ख्रिस्ती असे काही पाहत नाहीत. तिने सगळ्या स्टाफला रविवारी, २७ तारखेला, संध्याकाळी घरी बोलावले. माझ्या टेबलाशी थांबून मलाही बोलावले, इतरांना बोलावले त्याच आवाजात.

मी लवकर पोचलो. काय बोलावे सुचेना म्हणून ‘‘काही मदत करू का?’’ असे विचारले. तिने माझ्यापुढे किसणी ठेवली आणि चीजचा निळा डबा, क्राफ्टचा, आखातात नोकरीला असलेल्या पुतण्याने आणलेला. चुलीवर चोरीस शिजत होते. नळीतून काढलेले मांस थोड्या पाण्यात मंद आचेवर ठेवलेले. तेलाचा थेंब नाही. पाणी आटले तशी चरबी सुटली, तांबडी. त्या चरबीतच तिने कांदा परतला. उंडे, म्हणजे गोव्यातले गोल, कडक सालीचे पाव, वरून कापून आतून पोकळ केले. काढलेला गर चुरून मांसात मिसळला, म्हणजे तो सगळी चरबी पिऊन घेतो आणि पाव खालून ओला होत नाही.

मी किसत होतो. तिने विचारले, ‘‘एवढ्या चीजला दूध किती लागतं रे?’’

दुधाचा हिशेब मला येत होता. एक किलो चीजला साधारण दहा लिटर. म्हटले, ‘‘डबा चारशे ग्रॅमचा. म्हणजे चार लिटर.’’

‘‘चार लिटर,’’ ती म्हणाली. हातातले पाव भरणे चालूच होते. ‘‘आनी उरिल्लें उदक कोणें चोरलें?’’

बाकीचे पाणी कोणी चोरले!

ती हसली. माझ्याकडे न पाहता हसली. त्या हसण्यात राग नव्हता, हे मी शपथेवर सांगू शकतो. राग असता तर मला सोपे गेले असते.

आम्ही ताटे उचलली आणि पोदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे निघालो. त्याची दुपारची भाजणी उरकली होती. लाकडे विझलेली, पण भट्टीच्या दगडांत ऊब साठून राहिलेली. अशा भट्टीत शेजारच्या घरांतली ताटे येतात आणि पोदेर ती लांब फळीवरून आत सरकवतो. जाळ नाही, नुसती उतरती धग. चीजला तीच मानवते. जाळावर ते करपते आणि तेल सोडते. धगीत हळूहळू सैल होते आणि मांसाच्या फटीफटींत उतरते. पाव घंटा लागला असेल.

अंगणात पहिला घास मी घेतला. पहिल्यांदा पावाची कडक साल, मग चीजचा मऊ खारटपणा आणि त्याच्यामागून मिरची, व्हिनेगर, धूर. व्हिनेगरची आंबट धार चीजच्या स्निग्धपणाला कापत जाते आणि चीज मिरचीला आवरते. दोघांपैकी एकालाच खाल्ले तर दोन घासांत पुरे होते. एकत्र आले की थांबता येत नाही. त्या संध्याकाळी मी पाच खाल्ले. पुण्याला पत्र लिहिताना ही बातमी मात्र वगळली.

जानेवारीत मी टिपण लिहिले. चोरीसाचे वजन सुकताना किती उतरते, मोजणी माळांवर का करावी, परतफेडीचा हप्ता सप्टेंबरात का ठेवावा, सगळे मुद्देसूद. ‘तूट’ हा शब्द मागे घेतला. टिपण वरच्या कार्यालयात गेले. दोनदा शंका विचारून परत आले. मंजुरी हातात पडली तेव्हा मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. मी ते पत्र घेऊन स्वतः तिच्या घरी गेलो. चुलीवर माळा टांगलेल्या होत्याच. तिने त्याच व्यापाऱ्याकडून एप्रिलमध्ये उचल घेतली होती, माल त्यालाच, ठरल्या भावात देण्याच्या बोलीवर.

‘‘आतां नाका, बाब,’’ ती म्हणाली. पत्र नीट घडी करून तिने माझ्या हातात परत दिले. निघताना एक माळ कागदात गुंडाळून दिली. पैसे घेतले नाहीत. १९८९ मध्ये माझी बदली झाली. ती बँकेत पुन्हा आली नाही.

काही वाचकांना माझ्या एका कादंबरीतला तरुण बँक अधिकारी आठवत असेल. तो वजनाच्या काट्यापुढे उभा राहतो, फॉर्म फाडतो आणि नवा लिहितो. त्या प्रसंगाबद्दल मला बरीच पत्रे आली. ‘असे अधिकारी हवेत’ असे लोकांनी लिहिले, आणि मी त्यांना आभाराची उत्तरे पाठवली. कादंबरीकाराला ही सोय असते. आज हा हिशेब मांडायचा तो एवढ्यासाठीच, की तो फॉर्म कोणी फाडला नव्हता. तो फायलीत गेला, खाली माझी सही होती.

आता कृती. आठ कडक पावांसाठी पाव किलो चोरीस घ्यावे. पुण्या-मुंबईत आता ते मिळते. शक्य असेल तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणावे. दोरे आणि नळ्या काढून टाकाव्यात. हे मांस मुरवलेले असले तरी कच्चेच असते, म्हणून भट्टीवर भिस्त न ठेवता आधी अर्धी वाटी पाण्यात, झाकण ठेवून, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे पुरते शिजवावे. सुटलेल्या चरबीत तीन मध्यम कांदे परतावेत. एक उकडलेला बटाटा कुस्करून घालावा. तो मीठ आवरतो. वरून मीठ अजिबात घालू नये. पावाचा गर चुरून मिसळावा, सारण निवू द्यावे, मग पावात भरावे. वर दोनशे ग्रॅम किसलेले चीज. मी निम्मे डब्यातले किंवा वडीचे प्रक्रिया केलेले चीज घेतो, निम्मे मोझरेला. प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये असे क्षार असतात की ते वितळताना फाटत नाही, तेल वेगळे होत नाही. मोझरेला तार धरते. ओव्हन आधी १८० अंशांवर तापवून बारा ते पंधरा मिनिटे. पावाच्या टोप्या शेजारीच ठेवाव्यात, कुरकुरीत होतात. शाकाहारी मंडळींसाठी मी दुसरे ताट करतो : मशरूम आणि शिजवलेला राजमा, तोच मसाला, तेच व्हिनेगर. दोन्हींची भांडी वेगळी. माझ्या पत्नीने या पदार्थाला घरात घेताना एवढी एकच अट घातली आहे; माझी कढई गॅलरीत राहते.

आमच्या भाषेची गंमत पाहा. इंग्रजीतले चीज आपल्याकडे आले तेव्हा त्याच उच्चाराचा शब्द घरात आधीच बसलेला होता. कष्टांचे मोल झाले की आपण म्हणतो, कष्टाचे चीज झाले. दहा लिटरचे एक किलो होते, शंभराचे पासष्ट होतात. वजन उतरते तिथेच मोल चढते. तिला हे माहीत होते. माझ्या रकान्यात ते बसले नाही, आणि १९८७ साली तिच्या कष्टाचे चीज झाले नाही.

शेवटची सूचना. ताट बाहेर काढल्यावर दहा मिनिटांत वाढावे. निवले की हे चीज आवळते, चरबी पांढरी धरते, आणि पुन्हा तापवले तरी ती चव येत नाही. मी एकदा करून पाहिले आहे.